एक्केचाळीस विजयांचा हिवाळा

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला आइस हॉकीची अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा २००१ साली सुरू झाली आणि त्यानंतर बारा वर्षांनी, २०१२-१३ च्या मोसमात, मिनेसोटा विद्यापीठाच्या संघाने आपले सर्वच्या सर्व ४१ सामने जिंकून, एकही हार किंवा बरोबरी न पत्करता, त्या स्पर्धेचे विजेतेपद पटकावले. असा निर्भेळ मोसम महिलांच्या या स्पर्धेत तोवर कोणाच्याच वाट्याला आला नव्हता. पुरुषांमध्ये कॉर्नेल विद्यापीठाने १९७० साली २९ पैकी २९ सामने जिंकले होते, परंतु तो मोसम तुलनेने आटोपशीर होता. ४१ विजय आणि शून्य पराभव हे आकडे पाहिले की एका बलाढ्य संघाने दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांना लीलया नमवले असावे असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हा संघ मोसमाच्या अखेरच्या नऊ दिवसांत दोनदा पराभवाच्या अगदी उंबरठ्यावर उभा होता, त्याला तिथपर्यंत खेचून नेणारे प्रतिस्पर्धी तितक्याच तयारीचे होते, आणि ही सगळी चुरस ज्या व्यवस्थेतून निर्माण झाली ती व्यवस्था जेमतेम दीड दशकाची होती. या मोसमाचे खरे मोल विजयांच्या संख्येपेक्षा या तीन गोष्टींत अधिक आहे.

हॉकी म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मैदानी हॉकी येते, म्हणून बर्फावरच्या या खेळाची ओळख आधी करून घ्यायला हवी. सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद अशा, कोपरे गोलाकार असलेल्या आणि चहूबाजूंनी फळ्यांनी बंदिस्त केलेल्या बर्फाच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर, दोन्ही संघांचे प्रत्येकी सहा खेळाडू एका वेळी उतरतात. त्यांत एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू असतात. चेंडूच्या जागी कडक रबराची, सुमारे १७० ग्रॅम वजनाची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत खेळला जातो. पायांतल्या स्केटच्या धारदार पात्यांवर पूर्ण वेगाने धावणे इतके दमछाक करणारे असते की कोणताही खेळाडू एका दमात पाऊण-एक मिनिटापेक्षा जास्त वेळ बर्फावर थांबत नाही. खेळ चालू असतानाच तो कठड्यावरून बाहेर येतो आणि त्याची जागा दुसरा घेतो, त्यामुळे संघाकडे तीन-तीन आघाडीपटूंच्या तीन-चार फळ्या तयार असाव्या लागतात. नियम मोडणाऱ्या खेळाडूला साधारणपणे दोन मिनिटे बाहेर बसवतात आणि तेवढा वेळ त्याच्या संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते, प्रतिपक्षाच्या या संधीला पॉवर प्ले असे नाव आहे. पुरुषांच्या खेळात पक असलेल्या खेळाडूला अंगाने धडक देऊन पाडण्याची जी मुभा असते, ती महिलांच्या महाविद्यालयीन खेळात त्या काळी नव्हती, आणि त्यामुळे महिलांच्या सामन्यात स्केटिंगचा वेग, पासची अचूकता आणि मोकळी जागा हेरण्याची नजर यांना अधिक वाव मिळत असे.

या खेळात गोल कमी होतात, आणि कमी गोलांच्या खेळात दैवाचा वाटा मोठा असतो. पक कोणाच्या स्टिकला घासून दिशा बदलतो, फळीवर आपटून अनपेक्षित जागी येतो, किंवा समोरच्या संघाची गोलरक्षक एखाद्या रात्री अशी काही खेळते की दुप्पट फटके मारूनही गोल होत नाही. एखाद्या संघाला प्रत्येक सामना जिंकण्याची शंभरात ९५ इतकी शक्यता आहे असे धरले, तरी लागोपाठ ४१ सामने जिंकण्याची त्याची शक्यता केवळ १२ टक्क्यांच्या आसपास उरते. तीच शक्यता ९० धरली तर अखेरचा आकडा दीड टक्क्याच्याही खाली येतो. म्हणजे अजिंक्य मोसमासाठी केवळ सर्वोत्तम असणे पुरेसे नसते. सर्वोत्तम संघाचाही एखादा दिवस वाईट जातोच, आणि त्या दिवशीसुद्धा जिंकण्याची सोय कुठून तरी व्हावी लागते.

मिनेसोटात ही सोय कशी झाली हे समजून घेण्यासाठी चाळीस वर्षे मागे जावे लागते. अमेरिकन संसदेने १९७२ साली शिक्षणविषयक कायद्यात एक दुरुस्ती केली, ती टायटल नाइन या नावाने ओळखली जाते. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात लिंगभेद करता येणार नाही, एवढाच तिचा आशय. कायद्यात खेळांचा विशेष उल्लेख नव्हता, पण अमेरिकेत विद्यापीठीय क्रीडा हा शिक्षणसंस्थेचाच उपक्रम असल्यामुळे मुलींनाही खेळाच्या समान संधी, समान सुविधा आणि समान प्रमाणात शिष्यवृत्त्या देणे विद्यापीठांना भाग पडले. मोठ्या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा पुरुष संघ एकटाच ८५ शिष्यवृत्त्या घेत असे. त्याच्याशी समतोल साधायचा तर मुलींसाठी असे खेळ उभे करावे लागत, ज्यांत एका संघात बऱ्याच जणी सामावू शकतात. दोन डझनांहून अधिक खेळाडूंचा आणि १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा असलेला आइस हॉकीचा संघ या गरजेला साजेसा होता. तरीही कायदा झाल्यानंतर मिनेसोटा विद्यापीठाने महिलांचा अधिकृत संघ उभा करायला पाव शतक घेतले, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही, कारण दरम्यानच्या काळात खेळण्याची हौस असलेल्या मुलींच्या एका आख्ख्या पिढीला मुलांच्या संघांतच जागा मागावी लागत होती.

मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तर टोकाचे, कॅनडाला लागून असलेले राज्य. हजारो सरोवरे आणि शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरणारा हिवाळा यांमुळे तिथे मुले चालायला शिकल्यावर थोड्याच दिवसांत स्केटवर उभी राहतात. मुलींच्या हॉकीला शालेय खेळ म्हणून अधिकृत मान्यता देणारे हे पहिले राज्य होते; १९९४ साली ती मान्यता मिळाली आणि १९९५ मध्ये मुलींची पहिली राज्य शालेय स्पर्धा झाली. विद्यापीठाचा महिला संघ १९९७-९८ मध्ये लॉरा हॅल्डरसन यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाला आणि त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी १९९८ मध्ये, नागानो येथील ऑलिम्पिकमध्ये महिलांची आइस हॉकी प्रथमच खेळली गेली. अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला ३-१ असे हरवले. त्या विजयाने घराघरांतल्या मुलींसमोर एक ध्येय उभे राहिले. चार वर्षांनी विद्यापीठाने रिडर अरीना बांधले. रॉबर्ट आणि कॅथलीन रिडर या दांपत्याचे नाव धारण करणारे, सुमारे ३,४०० प्रेक्षकांचे हे बंदिस्त क्रीडागृह अमेरिकेत खास महिलांच्या महाविद्यालयीन हॉकीसाठी बांधलेले पहिले क्रीडागृह आहे. त्याचे महत्त्व केवळ मानाचे नाही. ज्या रिंकवर पुरुषांचा संघ आणि स्थानिक मंडळे यांच्या वेळा आधी ठरतात, तिथे मुलींच्या वाट्याला पहाटेचे किंवा रात्री उशिराचे तास येतात. स्वतःचे बर्फ असले की सरावाची वेळ, कपडे बदलण्याची खोली, व्यायामशाळा आणि दुखापतीवरचे उपचार हे सारे संघाच्या सोयीने ठरवता येते, आणि नव्या खेळाडूला बोलावताना दाखवायलाही काहीतरी भक्कम असते.

या सगळ्याचे फळ लवकर दिसू लागले. मिनेसोटा, शेजारचे विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा विद्यापीठाचीच डुलुथ येथील शाखा हे तिघेही वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन या एकाच साखळीत खेळतात. २००१ पासून २०१३ पर्यंतची तेराही राष्ट्रीय विजेतेपदे या तीन संघांनीच वाटून घेतली. त्यांतली पहिली तीन डुलुथने जिंकली. त्या यशात फिनलंड, स्वीडन इत्यादी देशांतून आलेल्या खेळाडूंचा मोठा वाटा होता, आणि अटलांटिकपलीकडून खेळाडू आणण्याची ही रीत पुढे इतरांनीही उचलली. २०१२-१३ मध्ये या साखळीत आठ संघ होते. प्रत्येक संघ इतर सातांशी चार-चार वेळा, म्हणजे साखळीतले २८ सामने खेळत असे. त्यांखेरीज साखळीबाहेरचे सामने, मग साखळीची बाद फेरी आणि शेवटी निवडक आठ संघांची राष्ट्रीय स्पर्धा असा तो क्रम होता.

शरद ऋतूत सुरू होऊन मार्चअखेर संपणाऱ्या या मोसमाचे एक वैशिष्ट्य दूरवरच्या वाचकाला सहज जाणवणार नाही. सामने बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी, लागोपाठ दोन दिवस, त्याच मैदानावर आणि त्याच प्रतिस्पर्ध्याशी होतात. शुक्रवारी हरलेला संघ रात्रभर चित्रफिती पाहून आपल्या चुका आणि समोरच्याचे डाव हेरतो आणि शनिवारी दुरुस्ती करून उतरतो, शिवाय जिंकलेल्या संघात नकळत थोडा सैलपणा आलेला असतो; म्हणून साखळीत दोन्ही दिवस जिंकणे हे एक जिंकण्यापेक्षा दुपटीहून अवघड मानले जाते. त्यातच बहुतेक संघांना बसने तासन्‌तास प्रवास करून बेमिजी, ग्रँड फोर्क्स, मॅडिसन अशा गावी जावे लागे. सोमवारी पुन्हा वर्ग, प्रयोगशाळा आणि परीक्षा असतातच. राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या नियमानुसार मोसम चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही आणि अभ्यासात ठरावीक प्रगती दाखवली नाही तर खेळाडूला मैदानात उतरता येत नाही; पात्रतेची मुदतही चारच मोसमांची असते. प्रशिक्षकाला त्यामुळे दरवर्षी अनुभवी खेळाडूंच्या एका तुकडीला निरोप द्यावा लागतो आणि शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलींना घेऊन नव्याने घडी बसवावी लागते.

ब्रॅड फ्रॉस्ट यांनी २००७ मध्ये हॅल्डरसन यांच्या जागी सूत्रे हाती घेतली, त्याआधी ते त्यांचेच सहायक होते. २०१२ च्या मार्चमध्ये त्यांच्या संघाने विस्कॉन्सिनला अंतिम फेरीत ४-२ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते, आणि तो मोसम संपताना संघाने शेवटचे आठ सामने ओळीने जिंकले होते. पुढच्या मोसमासाठी त्यांच्या हाती जी माणसे होती, त्यांचा मेळ विलक्षण होता. उजव्या बाजूने धावणारी अमँडा केसेल मूळची मॅडिसनची, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्याच गावची. तिचा थोरला भाऊ फिल हा व्यावसायिक हॉकीतला नामांकित खेळाडू. या मोसमात तिने ३७ सामन्यांत ४६ गोल केले आणि ५५ गोलांना हातभार लावला. हॉकीत गोल आणि गोलासाठी दिलेला पास या दोन्हींना प्रत्येकी एक गुण धरतात, त्या हिशेबाने तिचे १०१ गुण झाले. तिच्याबरोबर खेळणारी हॅना ब्रँट तेव्हा पहिल्या वर्षाला होती आणि विद्यापीठापासून काही मैलांवरच्या व्हॅडनेस हाइट्स या उपनगरातून आलेली होती. तिने ३३ गोल आणि ८२ गुण मिळवले. बचावात मेगन बोझेक होती, जिच्या लांबून मारलेल्या जोरदार फटक्याची धास्ती पॉवर प्लेच्या वेळी प्रत्येक गोलरक्षकाला असे. तिच्या जोडीला पहिल्या वर्षाची, उंच आणि शांत डोक्याची ली स्टेकलीन आणि फिनलंडची मीरा यालोसुओ अशा बचावपटू होत्या.

तरीही या संघातल्या एकाच व्यक्तीकडे बोट दाखवायचे असेल तर ते गोलरक्षक नूरा रॅत्यूकडे दाखवावे लागेल. फिनलंडमधील एस्पो शहराची ही खेळाडू वयाच्या सोळाव्या वर्षी, २००६ मध्ये, आपल्या देशाकडून तुरिनच्या ऑलिम्पिकमध्ये खेळली होती आणि २०१० मध्ये व्हँकुव्हरला तिच्या संघाने कांस्यपदक मिळवले होते. गोलरक्षक म्हटले की धिप्पाड देह डोळ्यांपुढे येतो, पण रॅत्यूची उंची जेमतेम साडेपाच फूट. तिची सारी मदार जागा धरण्यावर होती. फटका येण्याआधीच गोलाच्या चौकटीतून पुढे सरकून कोन बुजवायचा, गुडघ्यांवर बसत दोन्ही पाय बाहेर पसरून बर्फालगतची जागा झाकायची, आणि त्या स्थितीतूनच एका पायाच्या रेट्याने दुसऱ्या खांबाकडे घसरत जायचे, अशी ती पद्धत. पाहणाऱ्याला वाटावे की पक आपणहून तिच्या अंगावर येतो आहे. त्या मोसमात ती ३८ सामने खेळली आणि सर्व जिंकली. प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी एक गोलही तिने करू दिला नाही आणि १७ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. विद्यापीठातल्या चार वर्षांत मिळून तिचे ११४ विजय झाले. मोसमाअखेर देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन महिला खेळाडूला मिळणाऱ्या पॅटी कॅझमायर पुरस्कारासाठी शेवटच्या तीन नावांत केसेल, बोझेक आणि रॅत्यू अशा तिघीही एकाच संघाच्या होत्या; पुरस्कार केसेलला मिळाला. प्रिन्स्टन विद्यापीठाची माजी खेळाडू पॅटी कॅझमायर १९९० साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रक्ताच्या एका दुर्मीळ आजाराने मरण पावली. तिच्या स्मरणार्थ हा पुरस्कार १९९८ पासून दिला जातो.

हिवाळाभर मिनेसोटाने दोनशेहून अधिक गोल केले आणि बहुतेक सामने मोठ्या फरकाने जिंकले, त्यांचा तपशील इथे देण्याचे कारण नाही. खरी कसोटी १६ मार्च २०१३ रोजी, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत लागली. समोर नॉर्थ डकोटा विद्यापीठ होते. त्या संघाची मुख्य ताकद म्हणजे जोसलिन आणि मोनिक लामुरू या जुळ्या बहिणी. त्या मूळच्या ग्रँड फोर्क्सच्या, आणि पहिल्या वर्षी त्या मिनेसोटाकडूनच खेळल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या गावाकडच्या विद्यापीठात परतल्या आणि पाहता पाहता त्यांनी त्या संघाला देशातल्या पहिल्या काहींत नेऊन बसवले. आता ते त्यांचे शेवटचे वर्ष होते. या दोन संघांतल्या मुलींना एकमेकींची प्रत्येक खेळी ठाऊक होती, कारण साखळीत त्या आधी कित्येकदा भिडल्या होत्या.

साठ मिनिटांनंतर सामना २-२ असा अडला. बाद फेरीत बरोबरी चालत नाही. वीस-वीस मिनिटांची जादा सत्रे खेळवली जातात आणि ज्या क्षणी कोणाचाही गोल होतो, त्या क्षणी सामना संपतो. म्हणजे मिनेसोटाचा सारा मोसम यापुढे एका चुकीच्या पासवर, एका निसटलेल्या बचावपटूवर किंवा एखाद्या वेड्यावाकड्या उडालेल्या पकवर अवलंबून होता. पहिले जादा सत्र गोलाशिवाय गेले. दुसरेही गेले. तोवर मुलींनी शंभर मिनिटे, म्हणजे जवळजवळ पावणेदोन सामन्यांइतका खेळ केला होता. अशा वेळी खेळाचे रूपच पालटते. पोशाख घामाने जड झालेला असतो, मांड्यांत गोळे येऊ लागतात आणि स्केटचा एकेक रेटा आखूड होतो. प्रत्येक सत्रानंतर यंत्राने बर्फ गुळगुळीत केले तरी थोड्याच वेळात ते पात्यांनी खरवडले जाऊन भुसभुशीत होते आणि पक सरळ सरकण्याऐवजी उड्या मारू लागतो, त्यामुळे नाजूक पासांचा खेळ बंद पडून सोपा, सावध खेळ सुरू होतो. प्रशिक्षकापुढेही पेच असतो: सर्वोत्तम फळीला पुन्हापुन्हा उतरवावे तर ती थकून चूक करण्याची भीती, आणि तिसऱ्या-चौथ्या फळीवर भिस्त ठेवावी तर प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम खेळाडूंसमोर ती उघडी पडण्याची भीती. तिसऱ्या जादा सत्रात केली टेरीने गोल केला आणि मिनेसोटा ३-२ असे जिंकले. केसेल किंवा ब्रँट यांच्याऐवजी टेरीच्या स्टिकवरून हा गोल व्हावा, यात या संघाची खरी श्रीमंती दिसते. वाईट दिवशीही जिंकण्याची सोय म्हणतात ती ही.

सहा दिवसांनी उपांत्य फेरीत बॉस्टन कॉलेजने त्यांना पुन्हा जादा वेळेत ओढले. याही वेळी निकाल ३-२ असाच लागला, आणि निर्णायक गोल केला तो यालोसुओने, म्हणजे गोल करण्यापेक्षा ते अडवण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या एका बचावपटूने. २४ मार्चचा अंतिम सामना बॉस्टन विद्यापीठाविरुद्ध होता, आणि त्या संघात कॅनडाची मारी-फिलिप पूलां होती. २०१० च्या ऑलिम्पिक अंतिम सामन्यात कॅनडाचे दोन्ही गोल तिचे होते. तुलनेने हाच सामना सोपा ठरला. मिनेसोटाने तो ६-३ असा जिंकला आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून बोझेकची निवड झाली. राष्ट्रीय स्पर्धेचे तीनही सामने रिडर अरीनामध्येच झाले, याचा फायदा मिनेसोटाला मिळाला हे मान्य करायला हवे. अंतिम टप्प्याचे यजमानपद त्या वर्षी त्यांच्याकडे होते, आणि तिसऱ्या जादा सत्रात थकलेल्या पायांना घरच्या प्रेक्षकांच्या आरोळ्यांचा आधार मिळतोच.

मागील मोसमातले आठ विजय धरून सलग ४९ झाले होते. पुढच्या मोसमात ही मालिका ६२ पर्यंत गेली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती तोडली नॉर्थ डकोटानेच. रॅत्यू, बोझेक यांचे शिक्षण तोवर संपले होते आणि केसेल ऑलिम्पिकच्या तयारीसाठी विद्यापीठाबाहेर होती. त्या मोसमाअखेर मिनेसोटा पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले खरे, पण तिथे पूर्वेकडच्या क्लार्कसन विद्यापीठाने त्यांना ५-४ असे हरवून पश्चिमेकडच्या साखळीची तेरा वर्षांची मक्तेदारी संपवली. अजिंक्य राहणे किती कठीण असते याचा दाखला २०१६ मध्ये पुन्हा मिळाला. बॉस्टन कॉलेजचा संघ त्या वर्षी ४० पैकी ४० सामने जिंकून अंतिम फेरीत आला आणि एकेचाळिसाव्या सामन्यात ३-१ असा हरला. त्याला हरवणारा संघ मिनेसोटाच होता, आणि विजयी गोल होता केसेलचा. सोचीच्या ऑलिम्पिकनंतर डोक्याच्या दुखापतीमुळे ती जवळजवळ दोन वर्षे खेळापासून दूर राहिली होती, आणि त्या मोसमाच्या उत्तरार्धात संघात परतली होती.

नॉर्थ डकोटाची पुढची हकीकत मात्र क्लेशदायक आहे. राज्य सरकारच्या अनुदानात कपात झाल्याचे कारण देऊन त्या विद्यापीठाने मार्च २०१७ मध्ये महिला हॉकीचा संघ जलतरण संघांसह बंद केला. ज्या संघाने देशातल्या सर्वात बलाढ्य संघाला तीन जादा सत्रांपर्यंत झुंजवले आणि त्याची ६२ विजयांची मालिका मोडली, तो संघ एका हिशेबवहीतल्या आकड्यांपायी नाहीसा झाला. त्याच्या मोबदल्यात वाचलेला पैसा त्या संघाने गावाला आणि खेळाला दिलेल्या गोष्टींपुढे किरकोळ होता, असेच म्हणावे लागते. लामुरू भगिनींनी या निर्णयाला जाहीर विरोध केला. वर्षभरातच, फेब्रुवारी २०१८ मध्ये, प्यॉंगचांगच्या ऑलिम्पिक अंतिम सामन्यात अमेरिका कॅनडाविरुद्ध एका गोलाने मागे असताना मोनिकने बरोबरी साधली आणि नंतरच्या शूटआउटमध्ये, म्हणजे एकेका खेळाडूने एकटीने गोलरक्षकावर चालून जाण्याच्या निर्णायक फेरीत, जोसलिनने सुवर्णपदक निश्चित करणारा गोल केला. त्या अमेरिकी संघात केसेल, ब्रँट आणि स्टेकलीन या तिघी २०१३ मधल्या प्रतिस्पर्धी त्यांच्या सहकारी होत्या. त्याच ऑलिम्पिकमध्ये हॅनाची बहीण मरिसा, जी कोरियात जन्मली आणि ब्रँट कुटुंबात दत्तक आली, ती उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या संयुक्त संघातून खेळली.

विद्यापीठानंतर काय, हा प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येकीपुढे होता. पुरुष खेळाडूंसाठी महाविद्यालयीन हॉकी ही कोट्यवधी डॉलरच्या व्यावसायिक खेळाची पायरी असते. महिलांसाठी तोच शेवटचा जिना होता, कारण २०१३ मध्ये उत्तर अमेरिकेत जी महिला लीग होती ती खेळाडूंना पगार देत नव्हती. महाविद्यालयीन इतिहासातल्या सर्वोत्तम गोलरक्षकांपैकी एक असलेल्या रॅत्यूला २०१४ मध्ये खेळत राहण्यासाठी फिनलंडच्या पुरुषांच्या दुय्यम लीगमधील कीक्को-व्हान्ता या क्लबकडे जावे लागले. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, शरीर आणि समज दोन्ही ऐन भरात असताना, अनेक जणींनी नाइलाजाने नोकरी धरली. पुढे पगार देणाऱ्या छोट्या लीग निघाल्या आणि मोडल्या. अखेर १ जानेवारी २०२४ रोजी सहा संघांची प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग सुरू झाली. तिच्या पहिल्याच मोसमाची अंतिम मालिका मिनेसोटा आणि बॉस्टन यांच्यात पाच सामन्यांपर्यंत रंगली आणि २९ मे २०२४ रोजी मिनेसोटाने पाचवा सामना ३-० असा जिंकून वॉल्टर चषक मिळवला. मिनेसोटाच्या बचावात ली स्टेकलीन होती आणि बॉस्टनच्या आघाडीत हॅना ब्रँट. ४१ विजयांच्या त्या हिवाळ्यात पहिल्या वर्षाला असलेल्या या दोघी आता तिशीत पोहोचल्या होत्या, आणि पगार घेऊन एकमेकींविरुद्ध खेळत होत्या.